अळवावरचे पाणी आणि विजेची वाहिनी

ऐश्वर्य, तारुण्य, अधिकार यांची अशाश्वतता सांगावयाची झाली की आपली भाषा ‘अळवावरचे पाणी’ हा दृष्टान्त पुढे करते. पानावर थेंब मोत्यासारखा डुलतो आणि पान जरासे कलले की घरंगळून जातो. मागे ओलाव्याची खूणही उरत नाही. कीर्तनकारांनी या दृष्टान्तातून वैराग्य शिकविले, तर गीतेने कमलपत्राच्या उपमेतून अलिप्तता शिकविली. परंतु पानाच्या बाजूने विचार करून पाहिला तर असे दिसते की, पाणी न टिकणे हा त्या पानाचा मोठा गुण आहे. हाच गुण उच्च दाबाच्या विजेच्या मनोऱ्यांवर आणता यावा म्हणून अभियंते कित्येक दशके झटत आहेत. त्यांना तो जेवढा साधला, तेवढा आपल्या घरातील दिवा ओल्या हवेत अधिक भरवशाचा झाला आहे. अळूवडी आणि शेजारच्या गुजराती घरातील पात्रा ही दोन्ही ज्या पानाची होतात, त्या पानापासून मनोऱ्यापर्यंतचा हा प्रवास वाचकांना रंजक वाटेल अशी आशा आहे.

पहिल्या सरीचे कोडे

आमच्या नागरवाड्यासारख्या जुन्या वस्तीत जूनच्या मध्यास पहिली हलकी सर येते, मातीचा सुगंध दरवळतो आणि पुष्कळदा नेमकी त्याच वेळी वीज जाते. आपल्या ओट्यावरून ‘लाइट गेली’ आणि समोरच्या ओट्यावरून ‘लाइट गई’ असा एकच उद्गार उठतो. चार थेंब पडले नाहीत तोच ही दशा, तर पुढे श्रावणात काय होणार, अशी चिंता वडीलधारी मंडळी व्यक्त करतात. नवल असे की, पुढे आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळत असतानाही कित्येकदा दिवे शाबूत राहतात. (२०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा अनेक भागांत वीज सुरक्षेसाठी बंद ठेवावी लागली, ती गोष्ट निराळी.)

वीज जाण्याची कारणे अनेक असतात. कधी झाडाची फांदी तारेवर पडते, कधी जुनी जोडणी सुटते, तर कधी उत्तरायणापासून लोंबकळत राहिलेला मांजा ओला होतो. परंतु मुसळधारेत टिकणारी वीज रिमझिमीत का जावी, या कोड्याचे उत्तर खांबावरच्या एका मुक्या वस्तूत दडलेले आहे. ती वस्तू म्हणजे तार आणि खांब यांच्यामध्ये बसविलेला विद्युतरोधक, म्हणजेच इन्सुलेटर. गल्लीतील अकरा हजार व्होल्टच्या वाहिनीवर तो चिनी मातीच्या उपड्या वाटीसारखा दिसतो. शहराबाहेरच्या मनोऱ्यांवर अशाच बशा एकाखाली एक गुंफून त्यांची माळ टांगलेली असते. तारेचे वजन पेलावयाचे आणि तारेतील वीज मात्र खांबात उतरू द्यावयाची नाही, अशी दुहेरी जबाबदारी या बशांवर असते.

चिनी माती स्वतः विजेला जाऊ देत नाही. शुद्ध पाणीदेखील विजेचे फार मंद वाहक आहे. पावसाचे पाणी त्या शुद्धतेच्या बरेच जवळ असते. मग घात कोठे होतो? ऑक्टोबरपासून जूनपर्यंत बशीवर रस्त्याची धूळ, धूर, कारखान्यांतील रसायनांचे कण आणि समुद्राकडून वाऱ्याबरोबर आलेले मीठ यांचे पुट चढत असते. कोरडे असताना हे पुट निरुपद्रवी असते. पहिली हलकी सर, दव किंवा धुके त्याला भिजविते, पण धुऊन काढीत नाही. मीठ विरघळते, बशीवर खाऱ्या पाण्याचा सलग पातळ पापुद्रा तयार होतो, आणि विजेला चिनी मातीच्या अंगावरून चालत जाण्यास पाऊलवाट मिळते. मुसळधार पाऊस मात्र ही घाण वाहून नेतो. म्हणून श्रावणातल्या धारांपेक्षा ज्येष्ठातली रिमझिम आणि पौषातले धुके विद्युतरोधकाला अधिक भयावह असतात.

बशीच्या अंगावरून

त्या पापुद्र्यातून प्रथम अगदी थोडी वीज वाहते. तिच्या उष्णतेने पाणी आटू लागते. परंतु ते सर्वत्र सारखे आटत नाही. जेथे बशीचा घेर लहान असतो तेथे प्रवाह दाटतो, म्हणून तेथे आधी कोरडा पट्टा पडतो. आता साऱ्या दाबाचा भार त्या अरुंद कोरड्या पट्ट्यावर येतो. त्याला तो सोसत नाही, आणि पट्ट्यावरून ठिणगी उडते. परिस्थिती अनुकूल असली तर ठिणग्या विझून जातात. नसली तर एक ठिणगी दुसरीला जाऊन मिळते आणि तारेपासून मनोऱ्यापर्यंत लखलखती कमान उभी राहते. अभियंते याला ‘फ्लॅशओव्हर’ म्हणतात. उपकेंद्रातील ब्रेकर तत्काळ ती वाहिनी तोडतो, आणि कोसावरच्या गावात अंधार होतो.

यावर जुना उपाय म्हणजे ही पाऊलवाट लांब करणे. बशीच्या खालच्या अंगास कंगोरे असतात ते शोभेसाठी नव्हेत. पृष्ठभागावरून जाणाऱ्या विजेला प्रत्येक घडी उतरून चढावी लागावी, ही त्यातील युक्ती आहे. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या १९८६ च्या मार्गदर्शिकेत प्रदूषणाचे चार वर्ग केले होते आणि दर किलोव्होल्टमागे ही वाट अनुक्रमे किमान १६, २०, २५ व ३१ मिलिमीटर असावी असे सांगितले होते. पुढे २००८ मध्ये मोजण्याची पद्धत बदलली. तत्त्व तेच राहिले. २२० किलोव्होल्टच्या वाहिनीवर दाब २४५ पर्यंत चढू शकतो असे धरतात. म्हणजे स्वच्छ प्रदेशात सुमारे ३.९ मीटर वाट पुरेल, तर अतिदूषित किनाऱ्यावर तीच ७.६ मीटर हवी. नेहमीच्या चौदा बशांची माळ उंचीने दोन मीटर भरते आणि तिच्या अंगावरून जाणारी वाट सुमारे चार मीटर होते. मग खाऱ्या वाऱ्याच्या प्रदेशात काय करावे? बशा वाढवाव्यात तर माळ लांबते, तार खाली येते, मनोरा उंच करावा लागतो. अशा तऱ्हेने एका पापुद्र्यापायी सारा हिशोब बदलतो.

धुणे, पुसणे आणि माखणे

दुसरा उपाय सर्वांच्या परिचयाचा, म्हणजे साफसफाई. वाहिनी बंद करून लाईनमन मनोऱ्यावर चढतात आणि एकेक बशी पुसून काढतात. काही ठिकाणी वाहिनी चालू ठेवूनच, क्षार काढून टाकलेल्या पाण्याचा जोरदार फवारा मारून बशा धुतात. विजेवर पाणी मारणे ऐकावयास अघोरी वाटते. परंतु पाणी पुरेसे निर्मळ असेल आणि अंतर व पद्धत काटेकोरपणे पाळली तर ते घातक ठरत नाही. उत्तर भारतात हिवाळ्याच्या धुक्यात वाहिन्या वारंवार बंद पडू लागल्या तेव्हा पॉवरग्रीडने या कामासाठी हेलिकॉप्टरचाही उपयोग केला. अर्थात हे प्रशिक्षित माणसांचे काम आहे. गच्चीवरून नळी धरणाऱ्याचे नव्हे.

तिसरा उपाय पृष्ठभागच बदलण्याचा. त्याची सुरुवात सिलिकॉनच्या चिकट वंगणाने झाली. बशीला ते माखले की पाणी पसरत नसे आणि धूळही वंगणात रुतून बसे. परंतु वर्षा-दोन वर्षांत वंगण धुळीने तुडुंब भरे. मग पुन्हा माणूस वर चढणार, जुने खरवडणार आणि नवे माखणार. ज्याने मे महिन्याच्या उन्हात पोलादी मनोरा चढून हे काम केले असेल, त्यालाच या उपायाची खरी किंमत ठाऊक. पाणी झटकून टाकणारा पण माणसाला वारंवार वर न बोलाविणारा पृष्ठभाग मिळेल काय, हा प्रश्न म्हणूनच माणसांच्या जिवाशी निगडित होता.

थेंब का पसरतो?

स्वयंपाकघरातील एक चिनी मातीची बशी घ्यावी. तिच्या अर्ध्या भागावर मेणबत्ती घासून मेणाचा हात द्यावा आणि दोन्ही भागांवर पाणी शिंपडावे. उघड्या भागावर पाणी पसरते. मेणाच्या भागावर त्याचे वेगवेगळे मणी होतात. मण्यांच्या मध्ये कोरडी जागा असते, म्हणून पाऊलवाट सलग राहत नाही. हा प्रयोग केवळ बशी आणि पाणी घेऊन करावयाचा आहे. विजेशी त्याचा दुरूनही संबंध येऊ देऊ नये.

थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्यावरून ही वृत्ती मोजतात. या कोनाचे शास्त्र थॉमस यंग यांनी १८०५ मध्ये मांडले. स्वच्छ झिलईदार चिनी मातीवर हा कोन लहान असतो. ९० अंशांच्या पुढे पृष्ठभाग पाणी झिडकारू लागतो. सिलिकॉन रबरावर तो शंभराच्या थोडा वर जातो, तर अळूच्या आणि कमळाच्या पानावर दीडशेच्याही पुढे.

आता प्रयोगाचा दुसरा भाग. बशी वाळू द्यावी, तिच्यावर चाळलेली माती पातळशी भुरभुरावी आणि पुन्हा पाणी शिंपडावे. या वेळी मेणाच्या बाजूलाही माती भिजून चिखलाचा थर पसरतो. मेण जागेवरच आहे, पण त्याचा गुण मळाखाली गाडला गेला. बहुतेक जलविरोधी पदार्थ येथेच हरतात. सिलिकॉन रबर हरत नाही, आणि त्याचे कारण मोठे मनोहर आहे.

वाळूची दोन लेकरे

चिनी माती आणि सिलिकॉन या दोहोंचे मूळ वाळूच्या कुळातले. दोहोंचाही कणा सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या साखळीचा. परंतु चिनी मातीच्या झिलईवर पाण्याला ओढून घेणारे गट असतात, तर सिलिकॉनच्या साखळीला दोन्ही अंगांनी कार्बन व हायड्रोजन यांचे तेलकट वृत्तीचे गट लटकलेले असतात. ते पाण्याला जवळ येऊ देत नाहीत. हाड एक, कातडे निराळे, असा हा प्रकार आहे.

या संयुगांवर इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून दीर्घकाळ संशोधन केले. ‘सिलिकॉन’ हे या संयुगांचे नाव रूढ झाले ते त्यांच्यामुळेच. परंतु १९३६ मध्ये एका व्याख्यानात त्यांनी या शाखेच्या लवकर प्रगतीविषयी फारशी आशा दाखविली नाही. दैवगती पाहा : त्यानंतर काही वर्षांतच दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंजिनातील ठिणगी देणाऱ्या यंत्रणेस ओलाव्यापासून वाचविण्यासाठी सिलिकॉनचे वंगण वापरले जाऊ लागले. १९६० नंतरच्या दशकात पश्चिम जर्मनीत काचतंतूंच्या दांडीवर सिलिकॉन रबराचे आवरण आणि त्याच्याच छत्र्या बसविलेले विद्युतरोधक पुढे आले. त्यानंतर चिनी मातीच्या जुन्या बशांनाच सिलिकॉनचा पातळ लेप देण्याची पद्धत निघाली. हा लेप साध्या हवेत वाळून रबरासारखा घट्ट होतो.

मळालाही आपल्यासारखे करणारे

सिलिकॉन रबराच्या पोटात आखूड साखळ्यांचे काही हलके रेणू मोकळे राहिलेले असतात. ते हळूहळू पृष्ठभागावर येतात. त्यावर धुळीचे पुट चढले असेल तर त्या पुटातही झिरपतात आणि धुळीच्या कणांना पाणी झिडकारण्याचा आपला गुण देतात. मेण मळाखाली गाडले गेले. सिलिकॉनने मळालाच आपल्यासारखे केले. सतत ओलाव्याने किंवा ठिणग्यांनी पृष्ठभागाचा गुण तात्पुरता मावळतो. परंतु काही काळ कोरडी विश्रांती मिळाली की आतून नवे रेणू वर येतात आणि गुण पुन्हा उगवतो.

आणखी एक गंमत आहे. ठिणगीच्या उष्णतेने रबर जळू नये म्हणून पुष्कळ प्रकारच्या रबरांत ॲल्युमिनियम ट्रायहायड्रेट नावाची पांढरी पूड मिसळतात. सुमारे दोनशे अंशांच्या पुढे तापल्यावर ती आपल्यात बांधलेले पाणी सोडते आणि जागा थंड करते. म्हणजे बाहेर पसरून घात करणारे पाणीच आत बंदिस्त असताना रक्षणकर्ते ठरते.

पृष्ठभागाची प्रकृती तपासण्याची रीतही सोपी आहे. स्वीडनमधील एका संशोधन संस्थेने १९९२ मध्ये सात इयत्ता ठरविल्या. वाहिनी बंद करून रोधकावर साध्या बाटलीने पाणी फवारावयाचे : स्वतंत्र गोल थेंब दिसले तर पहिली इयत्ता, सलग पापुद्रा झाला तर सातवी. शाळेत सातवी म्हणजे बढती. येथे मात्र नापास.

अळूच्या पानाची नक्कल

मग थेट अळूचे पानच का नक्कलू नये? जर्मनीतील बॉन विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि त्यांचे सहकारी नाइनहाउस यांनी १९९७ मध्ये कमळाच्या पानाच्या निर्मळतेचे रहस्य सविस्तर मांडले. पान वरवर गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर असंख्य बारीक उंचवटे आणि त्यांवर मेणाचे कण दिसतात. थेंब उंचवट्यांच्या टोकांवर टेकतो. खाली हवाच असते. तो घरंगळताना धूळही बरोबर घेऊन जातो.

असे पृष्ठभाग प्रयोगशाळांत तयार झाले आहेत. परंतु मनोऱ्यावरची परीक्षा कठीण असते. वाऱ्याबरोबरची वाळू त्या नाजूक उंचवट्यांना घासून काढते. दवाचे अतिसूक्ष्म कण टोकांवर न टेकता खाचांच्या आतच जमतात. उच्च दाबाच्या सूक्ष्म ठिणग्याही त्यांना भाजून काढतात. अळूचे पान सुकले की झाडाला नवे पान फुटते. मनोऱ्याला तशी पालवी फुटत नाही. म्हणून आज प्रत्यक्ष कामात दीडशे अंशांच्या दिमाखापेक्षा शंभर अंशांचे, पण स्वतःला सावरणारे सिलिकॉनच भरवशाचे ठरले आहे.

आपल्या बडोद्याशी नाते

बडोदेकरांना हा विषय परका वाटू नये. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत १८९० मध्ये कलाभवन स्थापन झाले. त्याचे आद्य सूत्रधार प्रा. त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे अध्यापक होते, आणि तांत्रिक शिक्षण देशी भाषेतून मिळावे ही त्यांची दृष्टी होती. पुढे १९३१ मध्ये ‘श्रीसयाजी शासनशब्दकल्पतरू’ या बहुभाषी कोशाने राज्यकारभाराला शब्द पुरविले. त्या नगरीत विजेची गोष्ट मराठीतून सांगताना संकोच कशाला?

१९६० मध्ये गुजरात राज्य झाले आणि त्याच्या वीज मंडळाचे मुख्यालय बडोद्यास आले. २००५ मध्ये मंडळाची कामे निरनिराळ्या कंपन्यांत वाटली गेली. उच्च दाबाच्या वहनाचे काम पाहणारी जेटको आजही बडोद्यातूनच चालते. मकरपुऱ्यास १९७४ पासून एर्डा ही विद्युत संशोधन व चाचणी संस्था उभी आहे. जवळच हालोलला चिनी मातीचे विद्युतरोधक बनतात. आणि परीक्षेची भूमीही याच राज्यात आहे : देशातील सर्वांत लांब किनारा, कच्छचे रण, आणि निम्म्याहून कितीतरी अधिक मीठ पिकविणारी मिठागरे. २०१२ मध्ये सुरू झालेली मुंद्रा ते महेंद्रगड ही ५०० किलोव्होल्टची एकदिश वाहिनी तर खाऱ्या किनाऱ्यावरून निघून हरियाणाच्या धुक्यात पोहोचते. एकदिश दाब धुळीला अधिक ओढतो, त्यामुळे अशा वाहिनीवर पृष्ठभागाचा प्रश्न दुप्पट कठीण होतो.

गुणांबरोबर दोषही

सिलिकॉन रबर हलके असते. चिनी मातीच्या एका बशीचे वजन पाच किलोच्या आसपास असते, म्हणून चौदा बशांची माळ सत्तर किलोंवर जाते. त्याच कामाची रबरी दांडी त्या वजनाच्या लहानशा अंशात होते. ती पडून फुटत नाही, धुण्याची गरजही कमी पडते. तथापि ती अमर नाही. कडेचे सांधे उघडले तर आत ओलावा शिरून काचतंतूंचा कणा झिजतो आणि वरून काहीच न दिसता दांडी एकाएकी तुटू शकते. दमट हवेत तिच्यावर शेवाळ धरते; पक्षी व उंदीर तिला कुरतडतात. चिनी मातीची बशी मात्र फुटली की दुरूनही दिसते, आणि निर्मळ हवेत कित्येक दशके निमूटपणे सेवा करते. म्हणून शहाणा अभियंता ठिकाण पाहून निवड करतो : किनारा, मिठागर, धुके आणि कारखान्यांचा धूर असेल तेथे सिलिकॉन; इतरत्र जुने ते सोने.

पुढच्या वेळी मुलांना घेऊन स्थानकावर गेलात तर फलाटावरून वर पाहण्यास सांगा. रुळांवरच्या पंचवीस हजार व्होल्टच्या तारेला धरून काही ठिकाणी चकचकीत चिनी माती दिसेल, काही ठिकाणी मऊसर, झिलई नसलेल्या रबरी छत्र्या दिसतील. या दोहोंतला फरक त्यांना घरच्या बशीवर दाखविता येईल. आणि ज्येष्ठातल्या पहिल्या सरीला दिवे गेले तर त्रागा करण्यापूर्वी एवढे ध्यानात असावे की, त्याच अंधारात, त्याच ओल्या वाऱ्यात, कोणी एक लाईनमन कमरेला पट्टा बांधून ती दोषी बशी शोधावयास निघालेला असतो. पाणी झिडकारणारे प्रत्येक पृष्ठ त्याची अशी एखादी खेप वाचविते.